लाच मागितली आहे, अजून दिलेली नाही: इथून पुढचं प्रत्येक पाऊल

वडील जातात. तेरावं होतं, पाहुणे परततात आणि महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी आठवण करून देतं, सात-बाऱ्यावर नावं लावून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार कार्डांच्या झेरॉक्स घेऊन तुम्ही तलाठी कार्यालयात जाता. एकदा सर्व्हर बंद असतो, एकदा भाऊसाहेब मीटिंगला गेलेले असतात. असे चार-पाच हेलपाटे झाले की दाराबाहेर एक जण तुम्हाला बाजूला घेतो आणि सांगतो, "काम होऊन जाईल हो, भाऊसाहेबांचं तेवढं बघा."

या वाक्यानंतर काय करायचं, एवढंच इथे लिहिलं आहे. उदाहरण मी वारस नोंदीचं घेतलं आहे, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना कधी ना कधी त्या दारात उभं राहावं लागतं. पण विजेचं नवं मीटर, पोलीस ठाण्यातून जप्त गाडी सोडवणं, घरकुलाचा हप्ता, ठेकेदाराचं बिल, अनुदानित शाळेतल्या नेमणुकीची मान्यता, या सगळ्यांना हाच मार्ग लागू पडतो.

मागणी झाली आहे आणि पैसे अजून दिलेले नाहीत, हे मधले दिवस सगळ्यांत मोलाचे असतात. कायद्याची जवळजवळ सगळी ताकद याच दिवसांत तुमच्या बाजूला असते. नेमक्या याच दिवसांत लोक गावातल्या पुढाऱ्याला मध्ये घालून रक्कम कमी करून घेण्यात वेळ घालवतात, आणि "देऊन टाका, डोक्याला ताप नको" म्हणत हातातली संधी सोडतात. मागणाऱ्याला तुमची घाई ठाऊक असते. तुम्ही एकटे आहात, हेही ठाऊक असतं. त्याच्या सहीपेक्षा या दोन गोष्टींवरच तो जास्त विसंबून असतो.

ही लाचच आहे का

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ चा आहे आणि त्यात २०१८ साली मोठे बदल झाले. त्याच्या कलम ७ प्रमाणे लोकसेवकाने कायदेशीर शुल्क आणि पगार सोडून कुठलाही लाभ मागितला, घेतला किंवा मिळवण्याचा प्रयत्न केला, तर शिक्षा किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय दंड.

काम तुमच्या हक्काचं होतं आणि त्याने ते नियमानुसारच केलं, तरीही गुन्हा होतोच. "मी चुकीचं काही केलं नाही, फक्त खुशी घेतली" हा बचाव चालत नाही. लाभ पैशांचाच असावा असंही नाही. मोबाइलचं रिचार्ज, पेट्रोल, ढाब्यावरची पार्टी, नातेवाइकाच्या नावावर ऑनलाइन पाठवलेली रक्कम, शरीरसुखाची मागणी, हे सगळं त्यात येतं. आणि मागणी हाच प्रयत्न असल्यामुळे त्याने प्रत्यक्ष पैसे घेतले नाहीत तरी गुन्हा दाखल होऊ शकतो.

आता दाराबाहेरच्या त्या माणसाबद्दल. तो सरकारी नोकर नसतो. त्याला गावोगाव "झिरो तलाठी" म्हणतात. दप्तर त्याच्या हातात, संगणकावर तोच बसलेला, आणि पैसे मागणारही तोच. साहेबांनी स्वतः तोंड उघडलं नाही म्हणून काही करता येणार नाही, असं लोकांना वाटतं. तसं नाही. लोकसेवकावर वजन वापरून काम करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या खासगी माणसासाठी कलम ७-अ आहे आणि शिक्षा तितकीच आहे. साहेबाने दुसऱ्यामार्फत घेतले तर साहेबही सुटत नाही. मात्र त्याचा आणि साहेबाचा धागा पुराव्यात दिसावा लागतो.

लोकसेवक कोण, याची व्याख्या खूप रुंद आहे. तलाठी, ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते आलेच. सरपंच, नगरसेवक, महावितरणचा अभियंता, विद्यापीठाचा अधिकारी आले. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारीही आले. शिक्षकभरतीत "संस्थेला देणगी" म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या संस्थाचालकांना हे कलम लागत नाही, असा गैरसमज अजून पसरलेला आहे. रेल्वे, पोस्ट, राष्ट्रीयीकृत बँक, भविष्यनिर्वाह निधी अशा केंद्राच्या कार्यालयांसाठी सीबीआयकडे जायचं. बाकी सगळ्यांसाठी राज्याचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, बोलीभाषेत एसीबी.

ज्या कामाला शुल्क आहे त्याची पावती मिळते. पावतीशिवाय मागितलेल्या रकमेला लोक काय नाव देतात, चहापाणी की चिरीमिरी की "वर द्यावे लागतात", याने काही बदलत नाही.

मागणी झाल्यावर लगेच

त्याच्या तोंडावर नकार देऊ नका आणि होकारही देऊ नका. "घरी विचारून सांगतो", "पैशांची जुळवाजुळव करायला दोन-तीन दिवस द्या" एवढं पुरे. भांडलात तर तो सावध होतो आणि पुढे कधीच उघड बोलत नाही.

आकडा स्वतःहून बोलू नका. "पाच हजारांत जमेल का?" असं तुम्ही आधी म्हणालात, तर उद्या न्यायालयात त्याचा वकील हेच वाक्य उचलेल आणि म्हणेल, माझ्या अशिलाने मागितलेच नव्हते, हा माणूसच गळ्यात पडत होता. विचारायचं ते असं: "नक्की किती?", "हे कशाचे?", "एवढे दिले की नोंद कधी होईल?" उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या.

त्याच दिवशी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा. तारीख, अंदाजे वेळ, तिथे आणखी कोण होतं, तो काय शब्दांत बोलला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, तुमचा अर्थ लिहू नका. "वजन ठेवा" म्हणाला असेल तर तेच शब्द.

फोनवर बोलणं झालं आणि रेकॉर्ड झालं असेल तर ती फाइल मूळ फोनमध्येच राहू द्या. कापू नका, नाव बदलू नका, कुणाला पुढे पाठवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण कुठलं, फाइलमध्ये फेरफार झाला का, हे तपासलं जातं. व्हॉट्सअॅपवरून चार हात फिरून आलेल्या तुकड्याला फार किंमत राहत नाही. फोन बदलायचा विचार असेल तर पुढे ढकला. रेकॉर्डिंग नसलं तरी अडत नाही, ते काम एसीबी स्वतः करते.

त्या अधिकाऱ्याशी दुसरा कुठलाही पैशांचा व्यवहार ठेवू नका. सापळ्यात, म्हणजे खुणेच्या नोटा घेताना, सापडलेल्यांचा नेहमीचा बचाव ठरलेला असतो: "हे हातउसने दिलेले पैसे परत आले." आधीपासून काही देणंघेणं किंवा जुनं भांडण असेल, तर ते लपवू नका. एसीबीच्या अधिकाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगा. तिथे सांगितलेली अडचण हाताळता येते. उलटतपासणीत बाहेर आलेली अडचण खटला बुडवते.

आणि गावात बोलू नका. मला ठाऊक आहे, हेच सगळ्यांत जड जातं. मित्राला सांगावंसं वाटतं, पुतण्याला सांगावंसं वाटतं. घरातला एक विश्वासाचा माणूस सोडून कुणाला कळता कामा नये. तालुक्याच्या ठिकाणी बातमी तुमच्या आधी पोचते.

आधी एसीबी की आधी अर्ज?

लोक रागाच्या भरात तहसीलदाराकडे तक्रार देतात, माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात, सोशल मीडियावर लिहितात, आणि मग एसीबीकडे जातात. तोपर्यंत तो माणूस पूर्ण सावध झालेला असतो. सापळ्याचा मार्ग घ्यायचा ठरवलात, तर इतर सगळे कागद नंतर. सापळा नको असेल, तर कागदाचा मार्ग पुढे सविस्तर दिला आहे. तोही भक्कम आहे. पण दोन्ही एकदम सुरू करू नका.

तक्रार कशी द्यायची

१०६४ हा टोल फ्री क्रमांक. सरकारी कार्यालयांत तो फलकावर लिहिलेला असतो, बहुतेक वेळा कपाटामागे. फोनवर पूर्ण कहाणी सांगायची गरज नाही. कोणता जिल्हा, कोणतं खातं, काय काम, पैसे दिले आहेत की नाही, एवढं सांगा. प्रत्येक जिल्ह्यात विभागाचं युनिट असतं आणि त्याचे प्रमुख पोलीस उपअधीक्षक असतात. त्यांना प्रत्यक्ष भेटणं सगळ्यांत चांगलं. स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊ नका, विशेषतः मागणारा पोलीसच असेल तेव्हा.

सोबत न्यायचं ते: तुमच्या अर्जाची पोच, कामाचे कागद, ओळखपत्र, ती वही, रेकॉर्डिंग असेल तर फोन. अर्जाची पोच नसेल तरी जा. पण काम खरंच त्या माणसाकडे आहे, हे दाखवणारं काहीतरी हवं, कारण "ते काम माझ्याकडे नव्हतंच" हा दुसरा ठरलेला बचाव.

तक्रार लेखी घेतात. लिहिता येत नसेल तर तिथले लोक लिहून घेतात आणि वाचून दाखवतात. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: काम कायदेशीर आहे, मागणी अमुक दिवशी अमुक शब्दांत झाली, आणि मला लाच द्यायची नाही.

तुमचं नाव गुप्त राहील का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि त्याला सरळ उत्तर दिलं पाहिजे. नुसती माहिती कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. पण सापळा लावायचा असेल तर तुम्ही फिर्यादी होता. गुन्ह्याच्या कागदांत तुमचं नाव येतं आणि न्यायालयात साक्ष द्यावी लागते. हे आधी समजून घेऊन, घरच्यांशी बोलून, मगच पाऊल टाका.

महिला तक्रारदाराने महिला अधिकारी किंवा कर्मचारी हजर ठेवण्याची मागणी सुरुवातीलाच करावी. मागणी पैशांऐवजी शरीरसुखाची असेल तर ती तक्रारही इथे करता येते. त्यात संकोच वाटण्यासारखं तुमच्याकडे काहीही नाही.

पडताळणी

तक्रार दिली की लगेच सापळा लागत नाही. आधी पडताळणी होते. दुसऱ्या सरकारी कार्यालयांतले दोन कर्मचारी पंच म्हणून बोलावले जातात. तुमच्याकडे छोटा रेकॉर्डर देतात आणि पंचासमोर फोनवर किंवा प्रत्यक्ष भेटून बोलायला सांगतात. मागणी खरी आहे, हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या कानांनी ऐकावं, म्हणून हा टप्पा आहे.

इथे घाई करू नका. कामाबद्दल बोला. "भाऊसाहेब, आमच्या वारस नोंदीचं काय झालं?" असं विचारलं की विषय आपोआप पैशांवर येतो. त्याने आकडा सांगितल्यावर "जरा कमी करा, परिस्थिती नाही" असं म्हणायला हरकत नाही, ते स्वाभाविक आहे. बातम्यांमध्ये "तडजोडीअंती अमुक रुपये स्वीकारण्याचे मान्य केले" असं वाचता ना, ते वाक्य या टप्प्यातून येतं. पहिला आकडा मात्र त्याचाच हवा.

पडताळणीत तो काहीच बोलला नाही, तर निराश होऊ नका आणि त्याला उचकवूही नका. दुसऱ्यांदा प्रयत्न करता येतो.

सापळ्याचा दिवस

नोटा बहुतेक वेळा तक्रारदारानेच आणायच्या असतात. रक्कम मोठी असेल तर वर-खाली थोड्या खऱ्या नोटा आणि मध्ये खेळण्यातल्या नोटा ठेवूनही बंडल करतात. प्रत्येक नोटेचा क्रमांक पंचनाम्यात लिहिला जातो. मग नोटांना पावडर लावतात. महाराष्ट्रात अँथ्रासीन पावडर वापरण्याची जुनी पद्धत आहे. साध्या उजेडात ती दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. काही ठिकाणी फिनॉल्फ्थॅलिन वापरतात, त्यात हात सोड्याच्या द्रावणात बुडवले की पाणी गुलाबी होतं. तुमच्या समोर हे सगळं करून दाखवतात आणि नोटा तुमच्या खिशात ठेवतात. त्या क्षणापासून त्यांना हात लावायचा नाही.

तुम्हाला ज्या सूचना देतात त्यातली प्रत्येक सूचना पुढे न्यायालयात तपासली जाते, म्हणून त्यामागचं कारण समजून घ्या.

मागितल्याशिवाय नोटा काढायच्या नाहीत. नुसते पैसे सापडले आणि मागणी सिद्ध झाली नाही, तर आरोपी सुटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केलं आहे की मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात.

हात मिळवायचा नाही. तुमच्या हातावरची पावडर त्याच्या हाताला लागली, तर पुराव्यात शंका येते.

टेबलावर ठेवू नका आणि त्याच्या खिशात कोंबू नका. त्याच्या हातात द्या. तो "ड्रॉवरमध्ये टाका" किंवा "त्या पोराकडे द्या" म्हणाला तर त्याच्या सांगण्याप्रमाणे करा, पण ते वाक्य त्याच्या तोंडून मोठ्याने यायला हवं. "कुणाकडे देऊ, भाऊसाहेब?" असं विचारा.

पंच क्रमांक एक तुमच्यासोबत असतो, चुलतभाऊ किंवा शेजारी म्हणून. त्याला बोलणं ऐकू यावं आणि देवाणघेवाण दिसावी, अशा जागी उभं राहा. साहेब त्याला बाहेर थांबायला सांगेल, तेव्हा अडून बसू नका. रेकॉर्डर चालू असतो.

पैसे घेतले की ठरलेला इशारा. टोपी काढणं, मिस्ड कॉल, जे ठरेल ते. इशारा सवयीची हालचाल नसावी. घाबरल्यावर माणूस नकळत डोकं खाजवतो आणि पथक आधीच आत शिरतं.

पथक आल्यावर तुम्ही बाजूला व्हायचं. वाद घालायचा नाही, "बघा आता" म्हणायचं नाही. त्याचे हात दिव्याखाली पाहतात, नोटांचे क्रमांक जुळवतात, सविस्तर पंचनामा होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलेलं आहे. हे सगळं रात्री उशिरापर्यंत चालतं. रक्तदाब किंवा मधुमेहाची गोळी लागत असेल तर ती आणि थोडं खाणं बरोबर ठेवा.

जागेवर लाच घेताना पकडण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. कलम १७-अ ची परवानगी अधिकाऱ्याच्या निर्णयांच्या आणि शिफारशींच्या चौकशीसाठी आहे, आणि सापळ्याची कारवाई त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. "परवानगीच नव्हती" असं कुणी ऐकवलं तर डगमगू नका.

पैसे आधीच दिले असतील तर

२०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. पण तुम्हाला द्यायला भाग पाडलं असेल आणि दिल्यापासून ७ दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलंत, तर तुमच्यावर हा गुन्हा लागत नाही. सात दिवस मोजायला सुरुवात दिल्याच्या तारखेपासून होते. आणि आधी कळवून, यंत्रणेला मदत म्हणून सापळ्यात पैसे दिलेत, तर तो गुन्हा मुळातच नाही.

ही सात दिवसांची अट अन्यायकारक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. गरोदर बायकोला दवाखान्यात न्यायचं आहे आणि ताब्यात घेतलेली गाडी सोडवायला पैसे मोजावे लागले, अशा माणसाने आठवडाभरात कायदा कसा शोधायचा? पण कायदा आज असा आहे, म्हणून पहिला हप्ता दिला असेल आणि दुसरा मागत असतील तर आज, उद्या नव्हे, १०६४ लावा.

सापळ्यानंतर तुमचं काम

लोकांना सगळ्यांत जास्त भीती याची असते: आता पूर्ण कार्यालय आपल्या विरोधात जाईल, नोंद कधीच होणार नाही. कायदेशीर काम पूर्ण व्हावं यासाठी एसीबी संबंधित खात्याकडे पाठपुरावा करते आणि तुम्ही सापळ्यात वापरलेली रक्कमही परत मिळते, थोडा काळ जातो. पाठपुराव्याची विनंती तोंडी न करता लेखी द्या, तुमच्या अर्जाचा क्रमांक टाकून.

अटकेनंतर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की राज्य सरकारी कर्मचारी निलंबित मानला जातो. निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. काही महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या टेबलावर दिसला तर खटला संपला, असा अर्थ घेऊ नका.

प्रथम खबरी अहवालाची प्रत तुम्हाला मोफत मिळायला हवी, मागून घ्या. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवण्याचं बंधन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्याआधी कलम १९ ची, म्हणजे खटला चालवण्याची, मंजुरी लागते. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याला ३ महिने, कायदेशीर सल्ल्यासाठी आणखी १ महिना, अशी मुदत कायद्याने घालून दिली आहे. बरीच प्रकरणं इथेच रेंगाळतात. चार महिने उलटले की एसीबीकडे विचारणा करा. तुमच्या एका पत्राने फाइलवर पुन्हा नजर पडते.

खटला शक्यतो २ वर्षांत संपवावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात साक्षीचं समन्स येईपर्यंत वर्षं जातात. मधल्या काळात लग्नकार्यात, बाजारात, नातेवाइकांमार्फत निरोप येतात: "झालं गेलं, त्याच्या मुलांचा विचार करा." माणुसकीच्या नावाने घातलेला हा दबाव सगळ्यांत अवघड असतो आणि तो घालणारे लोक वाईट नसतात. उत्तर एकच ठेवा: प्रकरण आता सरकारचं आहे, माझ्या हातात नाही. ते खरंही आहे. साक्ष फिरवली तर खोटी साक्ष दिल्याचा गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो, आणि घटनापीठाच्या त्याच निकालाप्रमाणे फिर्यादी फितूर झाला किंवा वारला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते. म्हणजे फितूर होऊन त्याची सुटका होईलच असं नाही, तुमची अडचण मात्र नक्की होते.

साक्षीच्या आधी तुमची तक्रार आणि जबाब सरकारी वकिलांकडून वाचून घ्या. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. पाच वर्षांपूर्वी त्याने कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता, हे अंदाजाने सांगू नका.

सापळा नको असेल तर कागदाचा मार्ग

प्रत्येकाला फिर्यादी होणं शक्य नसतं. एकटी राहणारी विधवा आहे, त्याच गावात रोज वावरायचं आहे, हे मी पूर्ण समजू शकतो. मग लाच न देता काम करून घेण्यासाठी कागद बोलता करा.

सगळ्यात आधी पोच. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. कार्यालयात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. जो अर्ज कागदावर नाही, तो कुणाकडेच प्रलंबित नसतो.

मग नोंदीचा प्रवास समजून घ्या. वारसांची नावं आधी गाव नमुना ६-क मध्ये, मग फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६ मध्ये येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. "आपली चावडी" या संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस घरबसल्या दिसते. म्हणजे नोटीस निघाली की नाही, हरकत आली की नाही, हे तुम्हाला भाऊसाहेबांना विचारावं लागत नाही. अडकलं कुठे ते कळलं की कुणाला पत्र लिहायचं तेही कळतं. तलाठ्याकडे अडकलं तर तहसीलदारांना, आणि नोंद रद्द केली तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे आणि ती कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आकडा लहान आहे. पण दंड वैयक्तिक असतो आणि सेवापुस्तकाची काळजी प्रत्येकाला असते.

ज्या कामांना अशी मुदत नाही, तिथे २००५ चा कायदा आहे. त्याचं लांबलचक नाव बाजूला ठेवा, लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर आलेला हा कायदा विलक्षण दुर्लक्षित राहिला. कलम १० सांगतं की सर्वसाधारण फाइल कुठल्याही कर्मचाऱ्याकडे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, आणि जाणूनबुजून दिरंगाई केली तर शिस्तभंगाची कारवाई. पत्रात या कलमाचा उल्लेख करा. फरक पडतो.

माहिती अधिकाराचा अर्ज शेवटी ठेवा आणि नेमका लिहा. महाराष्ट्रात १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. भ्रष्टाचाराचे आरोप त्यात करू नका. मजकूर असा पुरतो:

"मी दिनांक अमुक रोजी दिलेल्या अर्ज क्रमांक अमुक वर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीचा दिनांकनिहाय तपशील द्यावा. सदर अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे किती दिवस होता, त्यांचे नाव व पदनाम द्यावे. या कामासाठी विहित केलेला कालावधी किती, ते सांगावे. संबंधित सर्व टिपण्यांच्या प्रती द्याव्यात."

उत्तराची मुदत ३० दिवस. पण अनेकदा उत्तराआधीच नोंद होते, कारण "किती दिवस कुणाकडे" या प्रश्नाचं उत्तर लेखी द्यायची कुणाचीच इच्छा नसते. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, आणि मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोग.

धोका किती आहे

धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेलेले असताना खून झाला. जमिनीचे मोठे व्यवहार त्यांनी उघड केले होते. स्वतःच्या वारस नोंदीसाठी काही हजारांची मागणी आणि कोट्यवधींच्या जमिनीमागची टोळी, यात फरक आहे आणि तो ओळखून वागायला हवं. पहिल्या प्रकारात त्रास बहुतेक वेळा कामं अडवणं, टोमणे, खोटी तक्रार एवढ्यावर राहतो. दुसऱ्या प्रकारात एकट्याने पुढे जाऊ नका. कागदांच्या प्रती दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा आणि वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

धमकी आली तर ती कितीही किरकोळ वाटली तरी एसीबीच्या तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवा. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना सर्व राज्यांना लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो आणि अर्ज करायला तपास अधिकारी किंवा सरकारी वकील मदत करतात.

जिल्ह्याच्या युनिटमधून बातमी फुटेल अशी शंका असेल, मागणारा अधिकारी मोठा असेल किंवा त्याचे तिथे संबंध असतील, तर परिक्षेत्राच्या पोलीस अधीक्षकांकडे जा. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड अशी आठ परिक्षेत्रं आहेत. तिथेही मन घेत नसेल तर वरळीला विभागाचं मुख्यालय आहे. तिथून दुसऱ्या युनिटचं पथक पाठवता येतं. तुमचा अर्ज, ती वही आणि फोन घेऊन निघा, आणि निघताना गावात सांगायला एखादं साधं कारण ठरवून ठेवा.